आघाडी हवी, पण करार गावासमोर हवा!

विरोधी पक्षांनी एकत्र यावे आणि आघाडीचे सरकार आणावे, ही भाषा महाराष्ट्राला आता नवी राहिलेली नाही. नेते एका व्यासपीठावर येतात, हात उंचावतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. मग शिंदखेड्यासारख्या तालुक्यातील कार्यकर्त्याला वरून निरोप येतो की, लोकांत जा आणि आघाडीसाठी जनमत तयार करा. बिचारा कार्यकर्ता पदरची भाकरी खाऊन गावोगाव फिरतो. पण वस्तीवरची माणसे त्याला एकच प्रश्न विचारतात, "आघाडीत आपले काय ठरले?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते, कारण ते त्यालाही कुणी सांगितलेले नसते. आघाडीच्या राजकारणाचे सारे दुखणे या एका प्रश्नात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धुळे लोकसभा मतदारसंघाचेच उदाहरण घ्या. २०२४ साली येथे काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांनी भाजपचे डॉ. सुभाष भामरे यांचा अवघ्या ३,८३१ मतांनी पराभव केला. संविधान धोक्यात आहे, ही जाणीव त्या निवडणुकीत बौद्ध, मुस्लिम, आदिवासी अशा सर्व वस्त्यांमध्ये होती. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झाला होता. विजय आघाडीचा झाला हे खरे. पण तो कुठून आला, हेही नीट पाहिले पाहिजे. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप पुढे होता. त्या पाचांत शिंदखेडाही होते. एकट्या मालेगाव मध्यने ती पिछाडी भरून काढली. म्हणजे आघाडीचा खासदार निवडून आला, पण शिंदखेड्यात आघाडीचे जनमत तयार झाले नाही.

त्याची फळे लवकरच दिसली. लोकसभेला राज्यातील ४८ पैकी ३० जागा जिंकणारी महाविकास आघाडी नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी ४६ जागांवर आली. महायुतीने २३० जागा घेतल्या. शिंदखेड्याची जागाही भाजपकडेच राहिली. आणि २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत याच तालुक्यातील दोंडाईचाचे नगराध्यक्षपद मतदानाविना, बिनविरोध भरले गेले! मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेल्या या गावात नगराध्यक्षपदासाठी विरोधकांचा एक उमेदवार मैदानात टिकू नये? जिथे विरोधी पक्षच उरत नाही, तिथे विरोधी पक्षांची आघाडी कशाच्या बळावर उभी राहणार? मतदान यंत्रांवर संशय घेणे सोपे आहे. पण जिथे यंत्र लावण्याची वेळच आली नाही, तिथे दोष कुणाला द्यायचा?

लोक आघाडीपासून दूर का गेले, याचा विचार प्रामाणिकपणे झाला पाहिजे. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी महाविकास आघाडीचे सरकार आले, ते निवडणुकीनंतरच्या बैठकांतून. त्या सरकारसाठी जनतेकडे कुणी कौल मागितला नव्हता. जून २०२२ मध्ये आमदार सुरतेला गेले आणि सरकार कोसळले. आमचा शिंदखेड्याचा मजूर पोटासाठी सुरतेची गाडी धरतो, आमदारांनी सत्तेसाठी सुरत गाठली! शिवसैनिकांचा संताप वगळला तर त्या सरकारसाठी गावागावांत कुणी रस्त्यावर उतरले नाही. का उतरावे? फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या त्याच सरकारने ७ मे २०२१ चा शासन निर्णय काढून पदोन्नतीतील मागासवर्गीयांच्या राखीव जागा सेवाज्येष्ठतेने खुल्या करून टाकल्या. सरकारात बसलेल्या आमच्याच मंत्र्यांना त्याविरुद्ध भांडावे लागले. ज्या सरकारने आमच्या हक्काची जागा काढून घेतली, ते सरकार वाचवायला आम्ही छातीचा कोट करावा, ही अपेक्षा कशाच्या आधारावर?

आणि आजच्या सत्ताधाऱ्यांकडून तरी वेगळे काय मिळाले? २०२५ साली लाडक्या बहिणींचे नाव पुढे करून सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये वळवण्यात आले. बहिणीला मदत जरूर द्या, पण ती दलित विद्यार्थ्याच्या ताटातून कशाला?

शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे धर्मा पाटील आठवा. या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याची जमीन वीज प्रकल्पासाठी गेली, योग्य मोबदला मिळाला नाही. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. भूसंपादनाचे काम काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राजवटीत सुरू झाले, मरण भाजप-शिवसेनेच्या राजवटीत आले. सरकार बदलले, शेतकऱ्याचे हेलपाटे बदलले नाहीत. म्हणूनच नुसत्या सत्ताबदलाच्या घोषणेने शिंदखेड्याचा माणूस हुरळून जात नाही. त्यात त्याचा दोष नाही.

याचा अर्थ आघाडी नको, असा मात्र कुणी काढू नये. एकट्याच्या बळावर सत्ता घेण्याइतकी आमची संख्या नाही, हे बाबासाहेबांइतके स्वच्छ कुणी ओळखले नव्हते. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी त्या दिवशी खानदेशातील भीमसैनिक तिथे जमतात, अभिवादन करतात. पण त्याच काळात बाबासाहेब कोणते राजकारण करत होते, हे तिथे किती जण आठवतात? स्वतंत्र मजूर पक्ष मुंबई विधिमंडळात विरोधी बाकांवर होता. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने संप केला. कम्युनिस्टांशी त्यांचे मतभेद जगजाहीर होते. तरीही प्रश्न कामगारांचा होता, म्हणून ते एकत्र आले. आधी प्रश्न, मग माणसे, मग पक्ष, हा बाबासाहेबांचा क्रम होता. आज आधी जागावाटप, मग पक्ष आणि प्रश्नांना वेळच उरत नाही!

१९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यातही बाबासाहेबांनी इतर पक्षांशी सहकार्याचे दार उघडे ठेवले, पण कुणाशी युती करायची नाही हेही लिहून ठेवले. हिंदू महासभा आणि संघ यांच्यासारख्या प्रतिगामी शक्तींशी युती नाही, हे त्यात स्पष्ट होते. कुणाशी आणि कोणत्या अटीवर, हे निवडणुकीपूर्वी, लेखी आणि जाहीर! आमच्या मते आजही हाच मार्ग आहे.

ही अट किती महत्त्वाची आहे, हे याच मातीने दाखवून दिले आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप यांच्याबरोबर फेडरेशनही तीत होती. समितीकडे लोकांना कळणारी एकच ठाम मागणी होती, म्हणून तिच्यामागे जनता उभी राहिली. १९५७ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. पण त्याच लाटेत धुळ्यातून कोण निवडून आले? जनसंघाचे उत्तमराव पाटील! देशभरात जनसंघाचे चार खासदार होते, त्यांतील एक आमच्या खानदेशाने दिला. मागणी बरोबर होती, पण मित्र पारखून न घेतल्याने समितीच्या पुण्याईचा वाटा प्रतिगाम्यांच्या पदरात पडला. खानदेशात पुढे जनसंघाची आणि भाजपची मुळे खोल गेली, त्याची एक सुरुवात तिथे आहे.

दुसरा धडा १९९८ चा. काँग्रेसने रिपब्लिकन पक्षाशी बरोबरीने समझोता केला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले हे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. काँग्रेसला ३३ आणि रिपब्लिकनांना ४ अशा ३७ जागा आल्या. वाटा दिला की मतेही वळतात, दोघांचीही, याचा याहून मोठा पुरावा कोणता? पण ते ऐक्य टिकवणे आमच्या नेत्यांना जमले नाही. पुन्हा गट, पुन्हा तट, पुन्हा एकेका जागेसाठी लाचारी. २०२४ साली वंचित आणि महाविकास आघाडी यांची बोलणी फिसकटली, तेव्हा चूक कुणाची यावर दोन्हीकडून रकाने भरले गेले. त्या वादाचा लाभ कुणाला झाला, हे मात्र कुणी सांगायची गरज नाही. दोष केवळ प्रस्थापितांचा नाही, आमचाही आहे, हे मान्य करण्याचे धैर्य चळवळीने दाखवले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, शिंदखेड्यात आघाडीसाठी जनमत तयार करायचे असेल तर मुंबईचा निरोप येण्याची वाट पाहू नये. तालुक्यातच सुरुवात करावी. संपादित जमिनींचा न्याय्य मोबदला, १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरान अतिक्रमणे ज्यांच्या नावे व्हायची राहिली त्यांची प्रकरणे, भिल्ल बांधवांचे वनहक्काचे दावे, कामासाठी परराज्यात जाणाऱ्या मजुरांच्या मुलांचे शिक्षण, हे प्रश्न घेऊन सर्व विरोधी पक्षांच्या कार्यकर्त्यांना एकाच सतरंजीवर बसवावे. १९५९ साली दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली खानदेशातील भूमिहीन सत्याग्रहाला उतरले होते. तो वारसा नुसता सांगण्यासाठी नाही.

आणि राज्य पातळीवर आघाडीने तीन गोष्टी निवडणुकीपूर्वी लिहून द्याव्यात. अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेचा निधी वळवता येणार नाही असा कायदा. कर्नाटक आणि आंध्र प्रदेशाने तो २०१३ सालीच केला, महाराष्ट्राला कसली अडचण आहे? पदोन्नतीतील आरक्षणाचे संरक्षण. आणि खुल्या मतदारसंघांत आंबेडकरी उमेदवारांचा निश्चित वाटा. हा करार गावोगाव, सर्वांसमोर वाचला गेला पाहिजे. ज्या चावडीबाहेर आमचे बापजादे हुकूम ऐकण्यासाठी उभे राहत, त्याच चावडीत बसून आम्ही आघाडीच्या नेत्यांना विचारू की, यातले काय पाळले आणि काय मोडले?

'मत आमनं, राज तुमनं' हा व्यवहार खानदेशाने फार वर्षे सोसला. मत मागायला येणाऱ्यांचे स्वागत करू, मनुवाद्यांच्या विरोधात खांद्याला खांदा लावून लढू, पण करार लेखी हवा आणि तो लोकांसमोर हवा. बाबासाहेबांनी आम्हाला शासनकर्ती जमात व्हायला सांगितले होते. दुसऱ्यांच्या सरकारची पालखी वाहायला नव्हे!