बारा ग्रॅमचे पाखरू आणि त्याची तीन घरे

टपालाच्या हिशेबात साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. तेवढ्या वजनाची पाकिटे आम्ही कचेरीत रोज हाताळतो. हातात घेतले तर काही घेतले आहे असे वाटतही नाही. उत्तर अमेरिकेत एक पाखरू आहे, त्याचे एरवीचे वजन साधारण १२ ग्रॅम. दर शरदात ते अटलांटिक महासागरावरून दोन-तीन दिवस आणि रात्री न थांबता, न खाता-पिता उडते आणि कॅरिबियन बेटांवर जाऊन उतरते. त्याचे नाव ब्लॅकपोल वॉर्बलर. म्हणजे काळ्या टोपीचा वॉर्बलर.

वाचक बंधू-भगिनींना हा विषय फार दूरचा वाटेल. परंतु पोटासाठी घर सोडून दूर जाणे आणि ऋतू पालटला की पुन्हा घराकडे येणे, ही गोष्ट आपल्यापैकी कोणत्या कुटुंबाला नवी आहे? म्हणून या खेपेला या पाखरांची माहिती द्यायचे आम्ही ठरवले. घरातल्या मुलांना जवळ बसवून हा लेख वाचून दाखवावा, ही विनंती.

आपल्याकडे झुडपांत किडे टिपत फिरणाऱ्या बारीक पाखरांना वटवट्या म्हणतात. इंग्रजीत त्यांनाही वॉर्बलरच म्हणतात. नाव एक असले तरी अमेरिकेतले वॉर्बलर हे निराळे कूळ आहे आणि ते आपल्याकडे येत नाहीत. अमेरिका आणि कॅनडा मिळून त्यांच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. बहुतेकांची चोच बारीक आणि टोकदार, मुख्य खाणे अळ्या आणि किडे. उन्हाळ्यात उत्तरेच्या अरण्यांत पिल्ले वाढवायची आणि थंडी आली की दक्षिणेला जायचे, असा त्यांचा वर्षाचा क्रम आहे.

इतक्या जाती ओळखायच्या कशा? मे महिन्यात नर रंगात असतात, तेव्हा काम सोपे असते. ब्लॅकबर्नियन वॉर्बलरचा गळा निखाऱ्यासारखा नारिंगी दिसतो. यलो-रम्प्ड वॉर्बलरच्या शेपटीच्या बुडाशी पिवळा ठिपका असतो. पण शरदात यांतल्या बऱ्याच जातींचा रंग उतरतो आणि नर, मादी, पिल्ले सगळी हिरवट-पिवळट होतात. ब्लॅकपोल आणि बे-ब्रेस्टेड या दोन जाती तर इतक्या सारख्या दिसतात, की जाणकार माणूसही पायांचा रंग पाहतो. ब्लॅकपोलची पावले पिवळसर असतात.

म्हणून तिथले अनुभवी पक्षीनिरीक्षक नवख्याला सांगतात की आधी रंग पाहू नका. पाखरू कुठे बसले आहे आणि काय करते आहे ते पाहा. खोडावर वर-खाली सरपटत किडे शोधत असेल, तर तो ब्लॅक-अँड-व्हाइट वॉर्बलर असण्याचा संभव मोठा. जंगलातल्या पाचोळ्यावरून कोंबडीसारखे चालत असेल, तर ओव्हनबर्ड. त्याचे घरटे जमिनीवर, छप्पर घातलेल्या भट्टीसारखे असते, म्हणून हे नाव पडले. उघड्यावर जमिनीलगत फिरत सारखी शेपटी हलवत असेल, तर पाम वॉर्बलर.

जागेवरून पाखरू का ओळखता येते, याचे उत्तर रॉबर्ट मॅकआर्थर या अमेरिकन संशोधकाने १९५८ साली दिले. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत स्प्रूस नावाची सुईसारख्या पानांची उंच झाडे आहेत. तिथे पाच जातींचे वॉर्बलर एकाच प्रकारच्या झाडावर किडे खाताना दिसत. सगळ्यांचे अन्न सारखे, मग बळकट जातीने बाकीच्यांना हुसकून कसे लावले नाही? मॅकआर्थरने झाडाचे मनाशी भाग पाडले आणि कोणते पाखरू कोणत्या भागात किती वेळ असते, याची नोंद केली. केप मे वॉर्बलर शेंड्याच्या बाहेरच्या डहाळ्यांवर जास्त वेळ काढतो. ब्लॅकबर्नियनही वरच्याच अंगाला असतो, पण त्याची किडे शोधण्याची रीत वेगळी. ब्लॅक-थ्रोटेड ग्रीन मधल्या उंचीवर बाहेरच्या बाजूला, तर बे-ब्रेस्टेड मधल्याच उंचीवर आत खोडाकडे. यलो-रम्प्ड खालच्या फांद्यांपासून जमिनीपर्यंत फिरतो. चाळीत जसे मजले आणि खोल्या वाटलेल्या असतात, तशीच ही वाटणी. एक झाड तोडले म्हणजे एकाच वेळी पाच बिऱ्हाडे उठतात, हे यातून ध्यानात यावे.

नावावरून मात्र यांच्या घराचा पत्ता शोधू नये. टेनेसी वॉर्बलरला अलेक्झांडर विल्सन या निसर्ग-अभ्यासकाने टेनेसी राज्यात पाहिले, म्हणून ते नाव दिले. पाखरू तिथून फक्त प्रवास करीत होते. त्याचा उन्हाळा कॅनडाच्या अरण्यात जातो. मॅग्नोलिया वॉर्बलर विल्सनला मॅग्नोलियाच्या झाडावर सापडला, पण पिल्ले तो उत्तरेच्या सूचिपर्णी झाडांत वाढवतो. केप मे हे न्यू जर्सीतल्या किनाऱ्याचे नाव. त्या नावाचे पाखरू तिथे पहिल्यांदा मिळाल्यानंतर शंभराहून अधिक वर्षे पुन्हा नोंदले गेले नाही. ज्याने पाहिले त्याने, जिथे पाहिले तिथले नाव दिले. पाखराला कोणी विचारले नव्हते!

आता ब्लॅकपोलच्या प्रवासाचा जमाखर्च पाहू. निघण्याआधी ते किनाऱ्यालगत भरपूर खाऊन अंगात चरबी साठवते आणि वजन जवळजवळ दुप्पट करते. ही त्याची जमा. समुद्रावर दुसरी कमाई नाही, नुसता खर्च. ते समुद्रावरून जात असावे असा तर्क अनेक वर्षे होता, पुरावा नव्हता. २०१३ साली संशोधकांनी व्हरमाँट आणि कॅनडातील नोव्हा स्कोशिया इथे काही पाखरांच्या पाठीवर अर्ध्या ग्रॅमचे यंत्र बांधले. हे यंत्र उजेडाची नोंद करते, आणि सूर्य कधी उगवला व कधी मावळला यावरून पाखरू कुठे होते ते कळते. पुढल्या वर्षी त्यांतली पाच पाखरे यंत्रासह पुन्हा हाती लागली. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले: सलग २,२७० ते २,७७० किलोमीटर उड्डाण, तेही समुद्रावरून. बेटांवर दम घेऊन ती पुढे दक्षिण अमेरिकेत गेली.

यावरून असे दिसते, की या पाखरांना घरे तीन. एक उन्हाळ्याचे, एक हिवाळ्याचे आणि एक वाटेवरचे. तिन्ही शाबूत असतील तरच पाखरू जगते.

बाकमन्स वॉर्बलर अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीच्या अरण्यांत पिल्ले वाढवीत असे आणि हिवाळ्याला क्यूबाला जात असे. इकडे दलदली आटवून अरण्ये तोडली गेली, तिकडे उसासाठी जंगल साफ झाले. पाखरू दिसेनासे झाले. २०२३ साली अमेरिकन सरकारने ते नामशेष झाल्याचे मान्य करून संरक्षित जातींच्या यादीतून त्याचे नाव काढले.

कर्टलंड्स वॉर्बलरवरही हीच पाळी येत होती. तो मुख्यतः मिशिगन राज्यात, वाळूच्या जमिनीवर, जॅक पाइन झाडांच्या बुडाशी घरटे करतो. झाडे साधारण ५ ते २० वर्षांची हवीत. मोठी झाली की खालच्या फांद्या झडतात आणि आडोसा जातो. जॅक पाइनची बंद फळे वणव्याच्या उष्णतेने उघडतात आणि नवी रोपे येतात. लोकांनी जंगल वाचवायच्या चांगल्या हेतूने वणवे विझवले, त्यामुळे तरुण झाडेच उरली नाहीत. शिवाय काउबर्ड नावाचा पक्षी आपली अंडी याच्या घरट्यात घालू लागला. १९७४ आणि १९८७ साली गाणारे नर मोजले, तर दोन्ही वेळा फक्त १६७ भरले! मग काउबर्ड पकडणे, ठरवून जुनी झाडे काढणे आणि दरवर्षी लाखो रोपे लावणे हे काम नेटाने चालले. जोड्या दोन हजारांच्या वर गेल्या आणि २०१९ साली हे पाखरू धोक्यातील जातींच्या यादीतून बाहेर आले. हेतू चांगला असून भागत नाही, माहितीही लागते, हे इथे नीट कळते. याचे हिवाळ्याचे घर बहामा बेटांवर आहे. तिथे पाऊस कमी झाला तर फळे आणि किडे कमी होतात आणि पाखरे मिशिगनला निघायला उशीर करतात.

राहिले वाटेवरचे घर. वॉर्बलर बहुधा रात्री प्रवास करतात. शहरांचा उजेड त्यांना ओढतो आणि काच त्यांना कळत नाही. शिकागोला मिशिगन सरोवराच्या काठी मॅकॉर्मिक प्लेस ही प्रदर्शनांची काचेची मोठी इमारत आहे. तिथल्या फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड १९७८ पासून त्या इमारतीखाली मरून पडलेले पक्षी गोळा करून नोंदवीत आले. त्या नोंदींतून दिसले, की ज्या रात्री खिडक्यांत दिवे कमी, त्या रात्री मेलेले पक्षी कमी. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी त्या एकाच इमारतीखाली हजाराच्या जवळपास पक्षी मेलेले सापडले. त्यांत पाम आणि यलो-रम्प्ड वॉर्बलर फार होते. बातमी जगभर गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात काचांवर बारीक ठिपक्यांचा पातळ पडदा चिकटवला गेला, आणि त्या शरदात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले.

२०१९ साली झालेल्या मोजणीप्रमाणे १९७० पासून अमेरिका-कॅनडातले ६० कोटींहून अधिक वॉर्बलर कमी झाले आहेत. या आकड्यापुढे माणूस हताश होतो. परंतु वरची हकिकत पाहा. उपाय होता ठिपक्यांचा आणि दिव्याच्या बटणाचा. तो करायला पंचेचाळीस वर्षे लागली, कारण रोज सकाळी मेलेली पाखरे मोजणारा एक माणूस होता आणि मोजलेले ऐकणारे कमी होते.

आपल्यापैकी काही घरांतली मुले आज शिक्षण-नोकरीसाठी शिकागो, टोरांटो, न्यू जर्सीकडे आहेत. त्यांना फोनवर एवढे जरूर सांगा: मे महिन्यात सकाळी जवळच्या बागेत जाऊन झाडाच्या शेंड्यापासून बुडापर्यंत नीट पाहा, कोण कुठे बसले आहे ते वहीत लिहा. आणि एप्रिल-मे व सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत रात्री ऑफिसातून किंवा घरातून निघताना खिडकीजवळचा दिवा आठवणीने बंद करा. त्या वेळी वरून बारा ग्रॅमचे कोणीतरी चाललेले असते.