ओढ्याच्या काठाने उतरू नका

रानात वाट चुकलात तर वाहतं पाणी धरून खाली उतरा, गाव लागतंच. हा सल्ला पुस्तकांतून आणि टीव्हीवरच्या धाडसवीरांकडून इतक्यांदा कानावर आलाय, की तो शास्त्रच वाटू लागलाय. सह्याद्रीत तो जिवावर बेततो. इथला ओढा घळीतून उड्या घेत जातो आणि कुठल्याशा वळणावर थेट कड्यावरून कोकणात पडतो. मागे शेवाळलेला कातळ, पुढे पोकळी. इथे आल्या वाटेने मागे फिरून शेवटची खात्रीची खूण गाठायची असते. ढोरवाटेला लागून चुकलेल्यांनाही हाच उपाय.

मोबाइलमध्ये नकाशा असताना रानात तगायची विद्या हवी कशाला, असं विचारतात. हवी, पण ज्या रानात जाल त्या रानाची. चकमकीने जाळ पेटवायला शिकवणारे शनिवार-रविवारचे वर्ग मला निव्वळ हौस वाटतात. जुलैत हरिश्चंद्रगडावर भिजक्या काटक्यांशी ती चकमक झटापट करून बघा.

1 मे 2023 रोजी कोलंबियात अ‍ॅमेझॉनच्या जंगलात एक छोटं विमान कोसळलं. त्यातली तिन्ही मोठी माणसं गेली. मागे राहिली हुइतोतो जमातीची चार भावंडं. थोरली 13 वर्षांची, धाकटं 11 महिन्यांचं. 40 दिवसांनी चौघंही जिवंत सापडली. विमानातलं कसाव्याचं पीठ संपल्यावर ती रानातल्या फळांवर आणि बियांवर जगली. काय खायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे थोरलीला घरातूनच मिळालं होतं. तिला भीमाशंकरच्या रानात सोडलं असतं, तर मात्र एखाद्या महादेव कोळी आजीलाच विचारावं लागलं असतं.

आपल्याकडे या विद्येचा पहिला धडा पाण्याचा. ओढा एकाएकी गढुळला, पाचोळा नि काटक्या वाहून येऊ लागल्या, की डोक्यावर ऊन असलं तरी वर कुठेतरी पाऊस कोसळतोय. त्या क्षणी काठ गाठायचा. पिशवी, चपला राहू द्यायच्या. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. काठावरच्या मोबाइलमध्ये त्याचं चित्रीकरणही झालं.

यंदा डोंगरात जाल तेव्हा पायथ्याच्या गावात दहा मिनिटं थांबा. चहा घ्या, कुठले ओढे आडवे येतात ते विचारा. वाटाड्या घेतलात तर त्याच्याशी पैशांवरून घासाघीस करू नका.