‘हायलम मोठा’ म्हणजे काय?

छातीच्या एक्स-रेवर ‘हायलम मोठा’ लिहून आलं की बस्तीत कुणी टीबी म्हणतं, कुणी कॅन्सर. हायलम म्हणजे फुप्फुसाचं देठ. श्वासनळ्या, रक्तवाहिन्या तिथूनच आत शिरतात. तिथल्या गाठी सुजल्या की सावली मोठी दिसते. आपल्याकडे, विशेषतः लेकरांत, पहिला संशय टीबीचाच. कॅन्सर, सारकॉइडोसिस हीही कारणं; कधी गाठ नसतेच, रक्तवाहिनीतला दाब वाढलेला असतो. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन, थुंकीत रक्त, चालताना दम ही लक्षणं त्या मूळ आजाराची.

पण चंद्रपूरच्या कोळसा-सिमेंट पट्ट्यात, सुरजागडच्या लोहखाणीवर राबणाऱ्याला ‘काम काय करता?’ हे विचारायला हवं, तेच राहून जातं. दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होतो. त्यातही या गाठी वाढतात, आणि अशा फुप्फुसाला टीबी लवकर धरतो. मजूर खातं सांभाळताना बाबासाहेब १९४३ साली धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. आपल्या कंत्राटी मजुराच्या केसपेपरवर धुळीचं नावही नसतं!

थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आहे, ती मागा. किती वर्षं धुळीत काम केलं ते केसपेपरवर लिहूनच घ्या. नुकसानभरपाई मागताना तो कागद लागतो. जुना एक्स-रे चुलीमागे फेकू नका, नव्याशी ताडून पाहायला डॉक्टरांना तो हवा असतो.