राक्षस थांबतो तो खेळ

जपानात १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ खेळ निघाला. खेळणाऱ्याने वीर व्हावे, गावोगाव हिंडावे आणि राक्षसांशी लढावे, असे त्याचे स्वरूप. युजी होरी यांनी कथा रचली, अकिरा तोरियामा यांनी पात्रे रेखाटली, कोइची सुगियामा यांनी संगीत दिले. २०१७ पर्यंत मालिकेचे अकरा भाग झाले. २०२१ मध्ये बाराव्याची घोषणा होताच रसिक हर्षले. परंतु त्याच वर्षी सुगियामा निवर्तले, २०२४ मध्ये तोरियामाही गेले. शिवाय लढाईची रीत बदलण्याचा मनोदय होरी यांनी बोलून दाखविला होता.

रसिकांची खरी चिंता हीच. या खेळात शत्रू समोर ठाकला तरी घाई नसते. तलवार चालवावी, मंत्र म्हणावा की जखमी सोबत्याला औषध द्यावे, हे ठरेपर्यंत तो बिचारा राक्षस मुकाट्याने थांबतो! म्हणूनच बोटे चपळ नसलेले आजोबाही नातवाच्या बरोबरीने जिंकू शकतात. नवे चित्रकार, नवे संगीतकार येतील. त्यांचे स्वागतच व्हावे. विचाराची ही उसंत मात्र होरी यांनी मोडू नये, ही मागणी सर्वथा रास्त आहे. नव्या पिढीला वेग हवा, असे कोणी म्हणतात. त्यांच्यासाठी वेगवान खेळ बाजारात उदंड आहेत.