चूक दाखवणारे साधन

दट्ट्यांचा ठोकळा हे मॉन्टेसरी पद्धतीतले अगदी साधे साधन आहे. एका लाकडी ठोकळ्यात दहा खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत नेमका बसेल असा एकेक दट्ट्या असतो. धरायला वर लहानशी मूठ असते. तीन वर्षांच्या मुलाने बारीक दट्ट्या रुंद खाचेत घातला तर तो आत जातो, पण सैल राहतो. काम पुढे सरकते आणि शेवटी हातात जाड दट्ट्या व समोर अरुंद खाच उरते. ‘चुकलं’ असे कोणाला म्हणावे लागत नाही. मूल थांबते, निरखते, दोन-चार दट्टे काढून अदलाबदल करते आणि पुन्हा बसवू लागते. तीन बोटांत धरलेली ती मूठ पुढे पेन्सिल धरण्याची तयारीही करून घेते. लहान मुलांच्या स्वयंशिक्षणाचा सारा भार याच व्यवस्थेवर आहे. चूक मुलाला साधनाने दाखवावी, मोठ्या माणसाने नव्हे.

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ही साधने शून्यातून घडवली नाहीत. मतिमंद व मूकबधिर मुलांसाठी झटलेल्या इतार आणि सेगॅं या फ्रेंच वैद्यांचे काम त्यांनी बारकाईने अभ्यासले होते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. तिथे आरंभी साधने कपाटात कुलूपबंद असत आणि शिक्षिका ती वाटून देई. एके दिवशी कपाट उघडे राहिले आणि मुलांनी आपापल्या पसंतीची साधने घेऊन काम सुरू केले. मॉन्टेसरींनी त्यात बेशिस्त पाहिली नाही, निवड पाहिली, आणि कपाटांच्या जागी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी फडताळे आली. याच बालगृहात दट्टे बसवणाऱ्या एका लहान मुलीचे उदाहरण त्यांनी नोंदवले आहे. भोवती गाणे चालू असताना, खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली तरी, ती चाळीसहून अधिक वेळा तेच काम करत राहिली आणि मग समाधानाने उठली. तिला कोणी बसवून ठेवले नव्हते, कोणी बक्षीसही देणार नव्हते.

ही एकाग्रता साधनाच्या घडणीतून येते, म्हणून घडण नीट समजून घेणे बालवाडीताईंना अत्यावश्यक आहे. मनोरा या साधनाचे दहाही ठोकळे एकाच रंगाचे असतात, बाजू मात्र १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत वाढत जाते. प्रत्येक ठोकळ्याला वेगळा रंग दिला तर मूल आकारमान सोडून रंग लक्षात ठेवते आणि साधन दिसायला आकर्षक होऊनही निकामी ठरते. एका साधनात एकच गुण वेगळा काढायचा, हा इथला नियम आहे. लांब जिना या साधनाच्या दांड्या १० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत असतात आणि दोन शेजारच्या दांड्यांतला फरक सर्वांत लहान दांडीइतका असतो. ती लहान दांडी प्रत्येक पायरीवर ठेवून मूल स्वतःच पडताळा घेते. खरखरीत अक्षरांवर बोट फिरवताना बोट घसरले की गुळगुळीत पाटी लागते, आणि वळण चुकल्याचे बोटालाच कळते. वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवतात, कारण दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबण्याचे शिक्षण त्यातूनच मिळते. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र बसतात, आणि सलग सुमारे तीन तास घंटा वाजत नाही.

मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या, त्याआधीच पश्चिम भारतात हे काम चांगले रुजले होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती या संस्थेचे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाचे काम सुरू झाले. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार चालवताना ताराबाईंना जाणवत राहिले की ही पद्धत सुखवस्तू घरांतच अडकते आहे. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून शाळा बुडवणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. आज देशभर माहीत असलेल्या अंगणवाडीच्या कल्पनेमागे हा प्रयोग उभा आहे. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, ती याच्या कितीतरी नंतर.

महाग आयात साधनांच्या जागी ताराबाई-अनुताईंनी शिंपले, बिया, खडे, पाने, बांबू आणले, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. पण तिचा अर्धाच अर्थ पुष्कळदा घेतला जातो. स्वस्त वस्तू मांडली की साधन होत नाही. बांबूच्या दहा कांड्या अंदाजाने तोडल्या तर त्या केवळ लहानमोठ्या कांड्या राहतात. मोजून, सारख्या फरकाने तोडल्या तरच लांब जिना होतो. एकात एक बसणारे डबे उत्तम साधन आहेत, कारण क्रम चुकला की एक डबा बाहेर राहतो. चिंचोके, सागरगोटे आणि वालाचे दाणे डोळे बांधून स्पर्शाने वेगळे करायचे आणि पट्टी सोडून आपले आपण तपासायचे, यातही पडताळा मुलाच्याच हाती आहे. (गुंजा मात्र विषारी असतात. त्या दिसायला कितीही सुंदर असल्या तरी बालवाडीत ठेवू नयेत.) तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना पाणी सांडते, तेच मुलाला सांगते की हात कुठे हलला. शेजारी पुसायला फडके ठेवले की पाठ पूर्ण झाला.

या पद्धतीवर आक्षेपही आरंभापासून आहेत. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्येच साधनांची मर्यादित कक्षा आणि कल्पनाशक्तीला मिळणारा अपुरा वाव यांवर बोट ठेवले. त्यात तथ्य आहे. परीकथांविषयी मॉन्टेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्टी, गाणी आणि नाट्य यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले, आणि मराठी बालवाड्यांनी तीच वाट धरली. ही भर योग्यच होती. गोष्टीसाठी मुलांना साधनावरून उठवावे लागत नाही, तिला दिवसात तिची स्वतंत्र वेळ असते.

नुकसान होते ते दुसऱ्याच प्रकारच्या भरीने, साधनांच्या जोडीला आणलेल्या कार्यपुस्तिकांसारख्या. अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट या संशोधकांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला अभ्यास मांडला. तिथल्या सरकारी मॉन्टेसरी शाळेतले प्रवेश चिठ्ठ्या टाकून झाले होते, म्हणून प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना विश्वासाने करता आली. पाच वर्षांची मॉन्टेसरी मुले वाचन, गणित आणि परस्परांशी वागणे यांत पुढे होती. बारा वर्षांच्या मुलांत वाचन-गणितातले हे अंतर दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. लिलार्ड यांनी २०१२ मध्ये आणखी एक तुलना केली. मूळ साधनांवरच भर देणारे वर्ग, मॉन्टेसरी साधनांच्या जोडीला कार्यपुस्तिका व इतर खेळणी ठेवणारे वर्ग आणि नेहमीचे वर्ग, असे तीन गट होते. वर्षभरातली प्रगती पहिल्या गटात सर्वांत अधिक दिसली. या वेळी मुले चिठ्ठ्यांनी निवडलेली नव्हती, तरी निष्कर्षाची दिशा बालवाडी चालवणाऱ्यांनी दुर्लक्षावी अशी नाही. कार्यपुस्तिकेत चूक-बरोबर ठरवते ती ताईंची लाल खूण. ती वर्गात आली की मुलाची नजर हातातल्या कामावरून उठून ताईंच्या चेहऱ्याकडे जाते.

म्हणूनच या पद्धतीत सर्वांत अवघड काम ताईंचे आहे. साधन एकदा, हळू आणि कमीत कमी शब्दांत दाखवायचे आणि मागे सरायचे. मूल चुकत असताना गप्प राहायचे, जमल्यावरही ‘शाब्बास’चा पाऊस पाडायचा नाही. मात्र साधन आपटले जात असेल किंवा दुसऱ्याचे काम मोडले जात असेल, तर तत्काळ आणि ठामपणे थांबवायचे. स्वातंत्र्य म्हणजे ताईंची अनुपस्थिती नव्हे. उरलेल्या वेळात निरीक्षण करून वहीत टिपायचे: कोणी कोणते साधन घेतले, किती वेळ टिकले, कुठे सोडले, आणि उद्या काय दाखवायचे. ही वही नसेल तर पुढचा पाठ अंदाजावर चालतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने खेळ व हाताळणी यांना मध्यवर्ती जागा दिली. कागदावर वातावरण अनुकूल आहे. प्रत्यक्षात मात्र मॉन्टेसरी नावाची पाटी असलेल्या अनेक वर्गांत तीन वर्षांची मुले ओळीने बसून अक्षरे गिरवतात आणि साधने पाहुण्यांना दिसावीत म्हणून उंच फळीवर असतात. पालकांना वही भरलेली हवी असते, हे कारण खरे आहे. पण पालकांना तासभर वर्गात शांत बसवून मुलांचे काम पाहू दिले, तर त्यांतले बरेच जण वहीचा आग्रह सोडतात.

नव्या वर्षाची खरेदी करण्यापूर्वी प्रत्येक बालवाडीने आपली साधने एकदा खाली काढावीत. ज्यातून मुलाला स्वतःची चूक कळत नाही, ते साधन दुरुस्त करावे किंवा बाजूला ठेवावे. जी राहतील ती मुलांच्या हाताला येतील अशा फळीवर मांडावीत.