जिमच्या अंदाजपत्रकात आवाजाचाही रकाना हवा

घाटावर असो की घाटाखाली, बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी नवी जिम उघडली की तिचा थाट बहुधा ठरलेला असतो. कॉम्प्लेक्समधला पहिला मजला किंवा दोन-तीन गाळे जोडून केलेला हॉल. खाली टाइल्स, समोर भिंतभर आरसा, उरलेल्या भिंतींना चकचकीत ऑइलपेंट, डोक्यावर स्लॅब नाहीतर पत्रा. पैसा मशीनला जातो, आरशाला जातो, रंगीत एलईडी पट्ट्यांना जातो. आवाजाची आठवण होते ती स्पीकर विकत घेतानाच, आणि तीही तो मोठा हवा म्हणून.

मग संध्याकाळी सहा-सातच्या बॅचला तिथे काय होतं, हे जिमला जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. प्लेटवर प्लेट आदळते, ट्रेडमिलचा पट्टा धडधडतो, कोपऱ्यातला कूलर घरघरतो, वर गाणं. ट्रेनर दोन हातांवरून ‘कंबर सरळ ठेव’ असं ओरडतो आणि पोराला फक्त त्याचे ओठ हललेले दिसतात. बारबेल पाठीवर असताना ही सूचना न ऐकू येणं ही साधी गैरसोय नव्हे, तिथे कंबर दुखावते.

यात स्पीकरचा दोष आहेच, पण निम्मा दोष भिंतींचा आहे. रंगवलेलं काँक्रीट, काच, टाइल हे पृष्ठभाग अंगावर आलेल्या आवाजातला शंभरातला जेमतेम दोन-तीन भाग शोषतात, बाकीचा परत फेकतात. परतलेला आवाज समोरच्या भिंतीवर जातो, तिथून पुन्हा परततो. एक डंबेल एकदाच पडलेलं असतं, पण त्याचा आवाज हॉलमध्ये दोन-तीन सेकंद फिरत राहतो आणि तेवढ्यात दुसरं डंबेल पडतं. जिम रिकामी असताना मधोमध उभं राहून एक टाळी वाजवावी. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये ती टाळी फडफडत राहिलेली ऐकू आली, तर त्या हॉलचं दुखणं कळलं. एवढ्या तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही.

जुन्या तालमीला हा त्रास नव्हता. मधोमध तांबड्या मातीचा हौद, मातीच्या किंवा चुन्याच्या जाड भिंती, वर लाकूड आणि कौलं, आणि दारं-झरोके उघडे. शड्डू ठोकला तरी तो तिथल्या तिथे विरायचा, कारण भुसभुशीत माती, कौलांच्या फटी आणि उघडी दारं त्याला गिळून टाकायची. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा तर मैदानाची: मल्लखांब, लेझीम, कवायती, सारं मोकळ्या आभाळाखाली. याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. वऱ्हाडातला व्यायाम मैदानातून आणि तालमीतून उठून काँक्रीटच्या बंद खोलीत आला तेव्हा लोखंड सोबत आलं, आरसा आला, गाणं आलं. आवाज शोषणारं जे काही होतं, ते मात्र मागेच राहिलं.

भिंतीवर लावायचे ध्वनिशोषक पॅनेल हीच उणीव भरून काढतात. त्यामागचं शास्त्र सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह बांधून झालं आणि लक्षात आलं, की तिथे बोललेलं कुणालाच कळत नाही. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. तो रात्री, बाहेरची वर्दळ थांबल्यावर, जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, व्याख्यानगृहात थोड्या-थोड्या मांडायचा आणि ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही जगभर वापरात आहे: खोलीचं घनफळ जितकं मोठं तितका आवाज जास्त घुमतो, आणि शोषणारं सामान जितकं जास्त तितका कमी.

हेच सूत्र आपल्याकडच्या एखाद्या हॉलला लावून पाहावं. हॉल १५ मीटर लांब, १० मीटर रुंद, ४ मीटर उंच, म्हणजे साधारण ५० बाय ३३ फूट आणि १३ फूट उंची. भिंती-फरशी-छत मिळून शोषण फार तर २० चौरस मीटरच्या तोडीचं. वीस माणसं आत आली की त्यांच्या अंगाचं आणि कपड्यांचं मिळून आणखी ८. या हिशेबाने आवाज विरायला जवळपास साडेतीन सेकंद लागतात. आता चांगल्या प्रतीचे, ८० टक्के आवाज शोषणारे पॅनेल ६० चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फूट लावले, तर तोच वेळ सव्वा सेकंदावर येतो. घुमणाऱ्या आवाजाची पातळी चार डेसिबलहून थोडी जास्त उतरते. चार हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात खोलीत फिरणारी ध्वनिऊर्जा एक तृतीयांशाच्या आसपास येते.

कानाच्या हिशेबात याला फार किंमत आहे. अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तासांहून जास्त राहू नये, आणि पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास. गाण्यावर चालणाऱ्या समूहवर्गांत नव्वदच्या वरचे आकडे अनेक देशांतल्या मोजण्यांत पुन्हापुन्हा आढळले आहेत. तासभर येऊन जाणाऱ्याचं एकवेळ निभेल. सकाळी तीन बॅच आणि संध्याकाळी तीन बॅच घेणाऱ्या ट्रेनरचं काय? पंचविशीतला तो पोरगा दिवसातले सहा-सहा तास त्या गोंगाटात उभा असतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आणखी एक फायदा सूत्रात बसत नाही, पण अनुभवाला येतो. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. एतियेन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली ही गोष्ट मांडली. जिममध्ये हे चक्र रोज चालतं. लोक ओरडून बोलतात म्हणून गाणं ऐकू येत नाही, म्हणून गाणं वाढवतात, म्हणून लोक आणखी ओरडतात. भिंतींनी थोडा आवाज गिळला की हे चक्र उलटं फिरू लागतं. ट्रेनरला घसा ताणावा लागत नाही आणि स्पीकरही दोन खुणा खाली आणता येतो.

इथवर पॅनेलची बाजू. आता त्याची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, कारण बाजारात याच ठिकाणी लोकांची फसगत होते. ‘साउंडप्रूफ करून देतो’ म्हणणारा माणूस भिंतीला फोमच्या चौकटी चिकटवून जातो आणि महिन्याभराने वरच्या मजल्यावरचे काका पुन्हा दारात उभे राहतात. पॅनेल खोलीतल्या आवाजाचं घुमणं कमी करतात, आवाज पलीकडे जाणं ते थांबवत नाहीत. अडवण्याचं काम वजनाचं असतं. नऊ इंची विटेची भिंत ५० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते. तिच्यावर दोन इंची हलकं पॅनेल लावल्याने त्यात मोजण्यासारखी भर पडत नाही. आवाज बाहेर जातो तो उघड्या खिडकीतून, शटरच्या फटीतून, एक्झॉस्टच्या भोकातून, पातळ पत्र्यातून. तिथे दार-खिडक्यांना जाड काच आणि रबरी पट्टी लागते.

वजन आदळण्याची गोष्ट आणखी निराळी. वीस किलोची प्लेट पडली की धक्का थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि खांब-तुळयांमधून खालच्या-वरच्या मजल्यावर पोचतो. त्याला भिंतीवरचं काहीही रोखू शकत नाही. जाड रबरी फरशी, तिच्यावर प्लायवूडचा थर, त्यावर पुन्हा रबर असा वजन उचलण्याचा ओटा, आणि शक्य असेल तर फ्री-वेट विभाग तळमजल्यावरच, हाच इलाज. आपल्याकडे एकाच कॉम्प्लेक्समध्ये वर जिम आणि खाली पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांची अभ्यासिका असते. दोन्हीकडे तीच पिढी, कधी कधी तीच मुलं. त्यांच्या शांततेचा प्रश्न फोमच्या चौकटींनी सुटणार नाही, फरशीपासून सुरुवात करावी लागेल.

कायद्याची बाजूही जिमवाल्यांनी समजून घ्यावी. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र धरली जाते रात्री दहा ते सकाळी सहा. म्हणजे पहाटे पाचची बॅच नियमाच्या लेखी रात्रीची बॅच ठरते. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त चढता कामा नये, असंही नियम सांगतात. पहाटेच्या बॅचला गाणं बंद ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सभ्य उपाय आहे.

पॅनेल कशाचे घ्यावेत, हे मात्र पुण्या-मुंबईच्या कॅटलॉगवरून ठरवू नये. घाटाखाली, खामगाव-मलकापूर-शेगावकडे, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर राहतो आणि जिममध्ये डेझर्ट कूलर चालतात. कूलर म्हणजे दिवसभर ओलसर हवा, त्यात घाम, त्यात रस्त्याची धूळ. अशा हवेत स्वस्त फोम दोन-तीन उन्हाळ्यांत भुरभुरू लागतो, त्याला वास येतो. वुड वूल बोर्ड, म्हणजे लाकडाचे तंतू सिमेंटमध्ये बांधून केलेले तक्ते, ओल सोसतात आणि डंबेलचा ओझरता धक्काही सोसतात. मागे रॉकवूलचा थर दिला तर शोषणही चांगलं होतं. जुन्या प्लास्टिक बाटल्यांपासून केलेले पॉलिस्टरचे पॅनेल हलके असतात आणि पुसून घेता येतात, फक्त ते पुरेसे जाड हवेत. आठ-नऊ मिलिमीटरचा पातळ तक्ता थेट भिंतीला चिकटवला तर शोभा होते, काम थोडंच होतं; मागे दोन इंचांची पोकळी सोडली की त्याच तक्त्याचं काम बरंच सुधारतं.

मग या जिल्ह्यात कापसाचा विचार का होऊ नये? जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली, कापसासाठीच. आजही जिनिंगमध्ये सूत न होणारा आखूड, कचऱ्यातला कापूस निघतो. ध्वनिशोषक पॅनेल तरी काय, लाकडी चौकटीत बसवून वर कापड ताणलेली गादीच. परदेशात जुन्या डेनिमच्या कपड्यांचा कापूस पिंजून, त्याला बोरॉनच्या क्षारांची प्रक्रिया करून असे थर विकले जातात. पिंजाऱ्यांचं कसब, सुतारांची चौकट आणि जिनिंगचा कापूस हे तिन्ही खामगाव-नांदुऱ्याच्या परिसरात हाताशी आहे. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयाने किंवा खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनाने एखाद्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय घ्यावा. किती जाडी, किती दाबून भरायचा, ओल आणि उंदरांपासून कसा जपायचा, हे मोजून ठरवण्यासारखं काम आहे.

आगीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात २००३ साली ‘स्टेशन’ या नाइटक्लबात १०० माणसं गेली. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ ला ‘किस’ नाइटक्लबात २४२ गेली. दोन्हीकडे आतषबाजीची ठिणगी आवाज शोषायला लावलेल्या पॉलियुरेथेन फोमवर पडली आणि त्या विषारी धुराने माणसांना दारापर्यंत पोचू दिलं नाही. एक जिना, एक शटर आणि भिंतभर साधा फोम अशी जिम म्हणजे तोच सापळा. प्रक्रिया न केलेला कापूसही तितकाच वाईट. अग्निरोधक चाचणीचा कागद दाखवल्याशिवाय कुठलाही माल भिंतीला लागता कामा नये, मग तो विकणारा ओळखीचा असो की नातलग.

खासगी जिमवाला आपल्या खिशाने जे करेल ते करेल. सरकारी पैशाचं तसं नाही. क्रीडा विभागाच्या व्यायामशाळा विकास योजनेतून अनुदान मिळतं, तालुका क्रीडा संकुलांमध्ये हॉल बांधले जातात, आमदार-खासदार निधीतून शेड उभी राहते. यांच्या अंदाजपत्रकात पाया, पत्रा, रंग, पंखे, साहित्य असं सगळं असतं. आवाजाचा रकानाही तिथे हवा, कारण राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिनियंत्रणाला स्वतंत्र विभाग दिलेला आहे आणि त्याचा आधार घेणं अभियंत्याला अवघड नाही. सोय बांधकामावेळीच करावी: आरशासमोरची भिंत पॅनेलसाठी राखून ठेवावी, सात फुटांच्या वर पट्ट्या ठोकायला जागा सोडावी, पत्र्याखाली शोषक थर बांधकामातच घालावा, वजनांच्या कोपऱ्यात रबरासाठी फरशी दोन इंच खोल ठेवावी. हॉल ताब्यात घेताना कनिष्ठ अभियंत्याने पंखे फिरतात का हे पाहावं, तसं मोबाइलवरच्या मोजणीच्या ॲपने आवाज किती सेकंद घुमतो हेही पाहावं आणि तो आकडा मोजमाप पुस्तिकेत लिहावा.