देखणे अक्षर, ताटकळणारा वाचक

मराठी संकेतस्थळे आणि फाँट यांचे नाते जुने आहे आणि ते हौसेपेक्षा गरजेतून जुळले. १९९७ साली आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीने पानासोबत फाँट पाठविण्याची सोय दिली आणि पुढील काळात मराठी वृत्तपत्रांनी अशा सोयींचा आधार घेतला. प्रत्येकाचा फाँट वेगळा आणि त्यातील अक्षरांची मांडणीही वेगळी. तो वाचकापर्यंत पोहोचला नाही, तर बातमीऐवजी रोमन चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोड रुळल्यावर ही आपत्ती टळली. आज मोबाइलमध्ये देवनागरी फाँट मुळातच असतो. मग पानासोबत वेगळा फाँट धाडण्याची आवश्यकता उरते काय?

उरते, कारण प्रश्न केवळ सजावटीचा नाही. अनेक उपकरणांवरील मूळ फाँट 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळणाने दाखवितात. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये शासन निर्णय काढून पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांना मान्यता दिली. मराठी पान मराठी वळणातच दिसावे, हा आग्रह रास्त आहे.

परंतु या आग्रहाला किंमत मोजावी लागते. रोमन लिपीचे काम मोजक्या अक्षराकृतींवर भागते. देवनागरीत जोडाक्षरांसाठी शेकडो आकृती लागतात, त्यामुळे फाइल जड होते. समजा, एका वजनाची फाइल १०० किलोबाइटची आहे आणि संपादकांनी बारीक, साधे, ठळक व अतिठळक अशी चार वजने निवडली. सेकंदाला १ मेगाबिट वेग मिळणाऱ्या वाचकाला त्यासाठीच तीन सेकंदांहून अधिक काळ लागेल. फाँट येईपर्यंत काही ब्राउझर मजकूर दडवून ठेवतात. गर्दीच्या लोकलमध्ये ठळक बातमी पाहू इच्छिणाऱ्याच्या हाती कोरे पान येते. पानातील मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष येथेच कोसळतो.

यातून वाट निघते. मात्र तिच्यासाठी मोह आवरावा लागतो. दोनच वजने ठेवावीत. २०१८ साली मानक ठरलेल्या 'वॉफ २' या स्वरूपात फाइल दाबून घ्यावी. ती स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवावी. क्रोमने २०२० पासून प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा केल्याने सामायिक फाँट आधीच उतरलेला असण्याचा लाभ संपला आहे. फाँट येईपर्यंत मूळ फाँटात मजकूर दाखवावा आणि दोहोंची मापे जुळवावीत, म्हणजे वाचता वाचता ओळी उड्या मारणार नाहीत. काही फाँटांत दोन्ही वळणांची अक्षरे असतात. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद केली की योग्य वळण आपोआप उमटते. ही सुधारणा जवळपास फुकट आहे. तरीही कित्येक पानांवर भाषा इंग्रजी अशीच नोंद राहून जाते.

अर्थात, सारा दोष फाँटाच्या माथी मारणेही योग्य नव्हे. जाहिराती, चलच्चित्रे आणि वाचकावर पाळत ठेवणारे संगणकीय तुकडे यांचा भार अनेकदा फाँटाहून कितीतरी अधिक असतो. अक्षरांना कात्री लावायची आणि त्या भाराला हात लावायचा नाही, ही काटकसर दिखाऊ ठरते. पूर्वी फाँट नसला तर बातमी वाचता येत नसे. आज फाँटासाठी बातमी खोळंबत असेल, तर एवढ्या वर्षांत आपण कमावले काय?